खिडकीतली उष्ण वस्तू

आमच्या घरात थंडी बाहेरून येत नाही, ती आमच्याकडेच राहायला आहे, असं आई म्हणायची. मला ते फारसं आवडायचं नाही, कारण घर मी घेतलेलं आहे. पण खोटंही म्हणता येत नव्हतं. बाहेरून आल्यावर अंगातला कोट काढायचा की नाही, यावर आमच्याकडे हिवाळाभर मतभेद असतात आणि शेवटी सगळे कोटातच जेवतात.

मी शाळेत भूगोल शिकवतो. समताप रेषा, शीत कटिबंध, कुठला वारा कुठून कुठे वाहतो, हे सगळं मी पोरांना फळ्यावर काढून दाखवतो. मात्र स्वतःच्या घरातला वारा कुठून येतो हे मला अजून सापडलेलं नाही, असं बायको चारचौघांत सांगते. चारचौघांत सांगायची काही गरज नसते, पण तिला ती वाटते.

सगळ्यात थंड खोली आईची. ती कोपऱ्यात आहे. एक भिंत उत्तरेकडे, आणि त्या भिंतीत खिडकी. खिडकीशी आईची खुर्ची. तिथून समोरचं औषधांचं दुकान, बसचा थांबा आणि चौकाचा अर्धा भाग दिसतो. अर्धाच दिसतो, पण उरलेल्या अर्ध्यात काय झालं असेल हे आई अंदाजाने सांगायची आणि ते बहुतेक खरं निघायचं. दिवसभर ती तिथे दोन शाली गुंडाळून बसलेली असायची. मी शाळेतून आलो की म्हणायची, "अरे, आज भिंत फारच गार आहे." मग मी खोलीत जाऊन भिंतीला हात लावून बघायचो. भिंत गार असायची. मी "हं" म्हणायचो आणि पाच-दहा मिनिटं तिथेच टेकायचो, कारण एवढ्या गार भिंतीला नुसता हात लावून लगेच निघून जाणं बरं दिसत नाही.

प्रकरण वाढलं ते बहिणीच्या फोनमुळे. बहीण माझ्यापेक्षा धाकटी आहे, पण फोनवर ती थोरली होते.

"दादा, आई खोकतेय."

"खोकत नाहीये. घसा साफ करतेय."

"मग इतका वेळ साफ का होत नाही? दादा, हे बघ, तुझ्याकडून त्या भिंतीचं काही होत नसेल तर तसं सांग. कडाक्याची थंडी पडायच्या आत मी येऊन आईला घेऊन जाते. आमच्याकडे जमीनसुद्धा गरम असते."

जमीन गरम असण्यात तिचं काय कर्तृत्व आहे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बिल्डरने फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या घातल्या आणि ती गरम झाली. पण बहीण जेव्हा 'जमीनसुद्धा' म्हणते तेव्हा त्या 'सुद्धा'ला माझ्याकडे उत्तर नसतं. मी एवढंच म्हणालो की भिंतीचं मी बघतो, आई कुठे जाणार नाही.

आईलाही जायचं नव्हतं. "तिच्या खिडकीतून दुसऱ्यांची खिडकी दिसते," ती म्हणाली. "आणि त्यांचा पडदा कायम ओढलेला. मी काय पडदा बघत बसू?" तर आई राहणार की जाणार, हे आता एका भिंतीवर येऊन ठेपलं होतं.

आमच्या इमारतीत सल्ला मागावा लागत नाही. तो जिन्यात उभाच असतो. खालच्या मजल्यावर एक निवृत्त बॉयलर निरीक्षक राहतात, त्यांना सगळे बॉयलरसाहेब म्हणतात. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाफा तपासल्या, त्यामुळे उष्णता हा विषय त्यांना वारसाहक्काने मिळाल्यासारखा आहे. ते आले, भिंतीवर बोटाने टकटक केलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "भिंतीत काही दोष नाही. चौकट गळतेय." समोरच्या काकू म्हणाल्या की त्यांच्या आत्याकडे कपाटामागे जुनी वर्तमानपत्रं लावली होती, तेव्हापासून आत्या एकदम ठणठणीत. आत्या कधी वारल्या हे मी विचारलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, काय करायचं ते करा, पण बाहेरून रंगात फरक दिसता कामा नये.

बॉयलरसाहेबांच्या सांगण्यावरून मी फेसाचा डबा आणला. फटीत हा फेस मारला की तो फुगतो, वाळतो आणि फट बंद होते. दुकानदार म्हणाला, "थोडासाच मारा, तो नंतर फुगतो." थोडासा म्हणजे किती हे त्याने सांगितलं नाही आणि मी शिक्षक असल्यामुळे विचारलं नाही. चौकटीच्या आतपर्यंत डब्याची नळी पोचावी म्हणून खिडकी वीतभर उघडी ठेवा, असा साहेबांचा आग्रह होता. मी तशी ठेवली, फेस मारला आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर चौकटीतून पिवळट ढग बाहेर आले होते आणि दगडासारखे घट्ट झाले होते. खिडकी वीतभर उघडी होती आणि आता ती कायमची वीतभर उघडी राहणार होती. ओढली तर येईना, ढकलली तर जाईना.

बॉयलरसाहेब वर येऊन बघून गेले. "फेस मात्र उत्तम बसलाय," ते म्हणाले.

सुताराला बोलावलं. तो म्हणाला, उद्या येतो. सुताराचा उद्या ही काळाची एक वेगळी जात आहे, तिच्यावर मी काही बोलत नाही. तोवर आम्ही त्या फटीत एक उशी कोंबली. घर गरम करायला निघालेल्या माणसाच्या खिडकीतून आता उशीचं टोक बाहेर लोंबत होतं आणि ते चौकातून स्पष्ट दिसायचं.

आईला मात्र खिडकीचा त्रास नव्हता. उलट तिला त्यात सोय सापडली. मी सकाळी शाळेला निघालो की ती उशी बाजूला काढायची, तोंड फटीला लावायची आणि वरून हाक द्यायची, "अरे, टोपी घाल." मला टक्कल आहे, हे इथे सांगून टाकलेलं बरं. आणि टोपी घालायला मी विसरतो. पण बसच्या थांब्यावर माझ्याच वर्गातली पोरं उभी असतात. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरून कुणी टोपी घाल म्हणून ओरडत असेल तर त्याने शीत कटिबंध कुठल्या तोंडाने शिकवायचा? काही दिवसांत मी वर्गात पाठमोरा झालो की मागून हलक्या आवाजात "टोपी" असं यायला लागलं. मी आईला म्हटलं, "आई, वरून हाका मारत जाऊ नकोस." ती म्हणाली, "मग खाली येऊन सांगू का?" तिचे गुडघे बघता हा प्रश्न नव्हता, टोमणा होता.

अशात शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला पालिकेची योजना सांगितली. ज्या इमारतीतून जास्त उष्णता बाहेर जाते तिच्या बाहेरच्या भिंतींना पालिका स्वतः जाड अस्तर लावून देते. उष्णता जाते की नाही हे माणसं नाही ठरवत. एक थर्मल कॅमेरा असतो, त्याला उजेड दिसत नाही, ऊब दिसते. त्याचा फोटो मशीन लर्निंगचा प्रोग्रॅम तपासतो आणि कुठून किती गळती आहे ते सांगतो. गळती आहे असं त्याने म्हटलं की भिंतीचं काम होतं. मला वाटलं, चला, आपलं काम झालं. आमच्या घराएवढं गळणारं घर त्या प्रोग्रॅमने बघितलंच नसेल.

पालिकेच्या ऊर्जा बचत खात्यात खिडकीमागे एक कारकून बसलेले होते. त्यांच्या पायाशी हीटर होता, आणि माझ्या पायाशी दरवाजा. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "भिंत कुणाची?"

"माझी. म्हणजे घर माझं आहे."

"आतून तुमची. बाहेरून सोसायटीची. मग तिच्यातून जाणारी उष्णता कुणाची धरायची?"

"माझ्या आईची," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. आईची उष्णता ही नोंद त्यांच्याकडे कुठेच बसत नव्हती. शेवटी असं ठरलं की एकट्या घराचा अर्ज घेता येत नाही, अख्ख्या इमारतीने मिळून करावा, आणि तपासणीही अख्ख्या इमारतीचीच होईल. मग मी मजल्यामजल्यावर सह्या गोळा करत फिरलो. एकेका सहीला एकेक कप चहा पडला. त्या आठवड्यात माझ्याइतका चहा कुणी प्यायला नसेल आणि माझ्याइतकं कमी कुणी झोपलं नसेल.

तपासणीच्या आधी कॅमेरावाला माहिती द्यायला आला. सभा आमच्याच हॉलमध्ये ठेवली, कारण बाकीच्यांच्या हॉलमध्ये त्या दिवशी पाहुणे होते. कॅमेरावाला बारीक, उदास माणूस होता आणि त्याला सर्दी झाली होती. वर्षानुवर्षं लोकांच्या घरातली ऊब थंडीत उभं राहून मोजायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? त्याने कॅमेरा आमच्यावरच रोखला आणि आम्ही सगळे पडद्यावर रंगीत झालो. गरम ते लाल, गार ते निळं. बायको लाल, काकू लाल, दारात येऊन उभी राहिलेली आई पिवळसर लाल. मी डोक्याने लाल होतो, पण नाक आणि दोन्ही हात निळे.

"मी म्हणत नव्हते?" बायको म्हणाली. काय म्हणत होती ते तिने सांगितलं नाही, पण सगळे हसले.

सेक्रेटरींनी मुद्द्याचं विचारलं. "हा तुमचा प्रोग्रॅम शिकला कुठे?"

"आपणहून शिकला. हजारो इमारतींचे फोटो बघून."

"आणि परीक्षा कुणी घेतली?"

"तो चुकला की आम्ही सांगतो, इथे चुकलास," कॅमेरावाला नाक पुसत म्हणाला. "पुढच्या वेळी तो जरा कमी चुकतो."

माझ्या वर्गात असं एकही पोर नाही. मला त्या प्रोग्रॅमबद्दल तेव्हा फार आपुलकी वाटली.

मग काकूंनी हळूच विचारलं, "फोटोत सगळ्यांची घरं दिसणार का?"

"पूर्ण इमारतीचा एकच फोटो असतो."

"म्हणजे कुणाचं घर किती लाल, ते सगळ्यांना कळणार."

"अगदी स्पष्ट. रिपोर्ट पालिकेच्या फलकावर लागतो."

यावर सभेत शांतता पसरली. ती विचारपूर्वक शांतता आहे असं मला वाटलं. विचारपूर्वक होतीच, पण विचार माझा नव्हता. मी उठून हात जोडून सांगितलं, तपासणीच्या आदल्या रात्रीपासून सगळ्यांनी हीटर चालू ठेवा, खिडक्या बंद ठेवा, घर गरम असेल तरच गळती दिसेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावण्यात आमची इमारत कुणाला हार जाणार नाही.

तपासणी पहाटे होती, सूर्य उगवायच्या आत. मी घाईघाईने खाली उतरलो. रस्त्यावर दंव पडलं होतं, औषधांचं दुकान बंद होतं. कॅमेरावाल्याने तिकाटण्यावर कॅमेरा लावला, शिंकला आणि पडद्यात बघितलं. मग कॅमेऱ्याला एक चापट मारली आणि परत बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही. म्हणजे काहीच नाही."

मी पडद्यात डोकावलो. आमची इमारत निळी होती. खालपासून वरपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळी आणि काळपट. मागचं पडीक गोदाम कडेने डोकावत होतं, ते सुद्धा तिच्यापेक्षा जरा उबदार दिसत होतं.

"इथे लोक राहतात ना?" कॅमेरावाल्याने विचारलं.

मी जिना चढायला लागलो. बॉयलरसाहेबांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगावर ओव्हरकोट आणि त्यावर रजई होती.

"साहेब, हीटर बंद आहे तुमचा?"

"छे. चालूच आहे," साहेब म्हणाले, आणि बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघाली. आयुष्यभर वाफा तपासलेल्या माणसाने ती बघितली नाही असं दाखवलं.

सेक्रेटरींकडेही चालूच होता. त्यांच्या मागे त्यांच्या मिसेस हातमोजे घालून कणीक मळायला बसल्या होत्या, म्हणजे तसं दिसत तरी होतं. फक्त समोरच्या काकू खरं बोलल्या. "अहो सर, रागावू नका. आमची भिंत लाल दिसली असती तर लोक काय म्हणाले असते? यांचं घर फाटकं म्हणाले असते. एका सकाळचा तर प्रश्न. तुमची एकट्याची दिसली लाल की झालं ना काम?"

यात तथ्य होतं. मी थोडा सावरलो. माझी भिंत, आईची खोली. तिथे तर हीटर रात्रभर चालू असणार. पण मग ती पडद्यावर निळी का होती? हा प्रश्न मला तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर पडला.

आईच्या खोलीत श्वासाची वाफ दिसत होती. आई खुर्चीत बसली होती, अंगावर घरातल्या सगळ्या शाली आणि बायकोचा कोट. हीटर गार पडला होता.

"आई, हीटर कधी बंद केलास?"

"काल संध्याकाळीच. तू झोपायला गेलास तेव्हाही बंदच होता, तुझ्या लक्षात नाही आलं."

"पण का?"

"काकू सांगत होत्या, सगळेच करणार आहेत म्हणून. सगळ्यांच्या भिंती निळ्या आणि आपलीच तेवढी लाल, बरं दिसतं का? तू मास्तर माणूस. पालिकेच्या फलकावर तुझं नाव लागणार." ती जरा खोकली. "चांगली दिसली ना रे भिंत?"

मी म्हणालो, "छान दिसली." आणि हीटर लावून पुन्हा खाली पळालो, कारण निदान अर्ध्या तासात खोली जरा तरी तापेल आणि भिंतीवर थोडा रंग येईल अशी मला वेडी आशा होती. कॅमेरावाला सामान आवरायला लागला होता. मी त्याच्या हातापाया पडायचाच बाकी होतो. तो चांगला माणूस होता, म्हणाला, शेवटचा एक फोटो घेतो.

त्याने फोटो घेतला त्याच क्षणी वरून आवाज आला.

"अरे, टोपी घाल."

आईने उशी काढली होती आणि खिडकीच्या फटीला तोंड लावलं होतं. पडद्यावर त्या काळ्यानिळ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक ठिपका उमटला. लालभडक, माणसाच्या तोंडाएवढा.

"बंद काचेतून माणूस या कॅमेऱ्याला दिसत नाही," कॅमेरावाला म्हणाला. "तुमची खिडकी उघडी आहे."

प्रोग्रॅमने थोडा विचार केला. हजारो इमारती बघितलेल्या असल्यामुळे त्याला जास्त वेळ लागला नाही. पडद्यावर उमटलं: इमारतीची श्रेणी उत्तम. गळती नगण्य. एकच त्रुटी, तिसरा मजला, खिडकीत उष्ण वस्तू. हलवावी.

"हे चुकलंय," मी म्हणालो. "तुम्ही त्याला सांगता ना, इथे चुकलास म्हणून? सांगा."

"रिपोर्ट गेला पालिकेत. तो आपणहून जातो." त्याने माझ्याकडे बघितलं आणि नाक पुसलं. मला त्याचा राग येत नव्हता, हेच वाईट होतं.

पालिकेतल्या कारकुनांनी सांगितलं की उत्तम श्रेणी मिळालेल्या इमारतीला खराब श्रेणीसाठी अर्ज करता येत नाही. आजवर कुणी केलेला नाही. पुढच्या हिवाळ्यात फेरतपासणी होईल, तेव्हा बघू. इकडे सेक्रेटरींनी फाटकावर 'उत्तम' अशी पाटी लावून घेतली. बॉयलरसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला ती पाटी दाखवायचे आणि भिंतीत दोष नाही हे आपण आधीच टकटक करून सांगितलं होतं याची आठवण द्यायचे. मग एक दिवस ऊर्जा बचत खात्यातून मला फोन आला.

"तुमच्या खिडकीत एक उष्ण वस्तू होती. हलवली का?"

"ती माझी आई आहे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "ठीक आहे," तो आवाज म्हणाला. "पण हलवली का?"

मी फोन ठेवून दिला. एवढं एकच काम त्या हिवाळ्यात मी ठामपणे केलं.

हलवायची वेळ मात्र आलीच. त्या एका रात्रीच्या गारठ्याने आईचा खोकला छातीत उतरला. आता तो घसा साफ करणं आहे असं मलाही म्हणता येईना. डॉक्टर म्हणाले, ही खोली यांना चालायची नाही. दुसरी खोली द्यायची तर आमच्या खोलीला खिडकी आहे ती मागच्या गोदामाकडे, आणि हॉलमध्ये दार सतत उघडं. तरी आम्ही तिला हॉलमध्ये आणलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बहिणीचा फोन आला. मशीन काय म्हणालं, तिने विचारलं.

"घर उत्तम आहे म्हणालं."

तिने मला 'जमीनसुद्धा' ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "दादा, मी येते."

ती आली त्या दिवशी बायकोने आईची बॅग भरली आणि मी उगाच तिच्या खोलीत उभा राहिलो. आई शेवटचं म्हणून खुर्चीत बसली होती. औषधांच्या दुकानाचं शटर वर जाताना बघत होती. मी भिंतीला हात लावला. सवयीने.

"गार आहे?" आईने विचारलं.

"हो."

"असू दे. तू त्या भिंतीचं मनाला लावून घेऊ नकोस." तिने शाल नीट केली. "थंडी काय, मला कुठेही वाजणारच. या वयात वाजते. पण भिंत गार आहे म्हटलं की तू येऊन बसायचास. म्हणून म्हणायचे मी रोज."

मला रडू आलं. बहीण दारात होती, धाकटी आहे, तिच्यासमोर रडणं बरोबर नव्हतं, पण आलं. आई म्हणाली, "तिच्याकडे भिंती गरम आहेत. आता तिला काय सांगून बोलवू, ते बघायला हवं." आणि बहीण म्हणाली, "मला नुसतं हाक मार गं," आणि तीही रडायला लागली, तेव्हा आमचं जरा बरोबरीचं झालं.

आई बहिणीकडे गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सुतार आला. उद्या येतो म्हणाला होता, आणि आला. त्याने फेस तासून काढला, चौकट सरळ केली, पट्ट्या लावल्या. खिडकी इतकी छान बसली की बोटभर वारा आत येईना. फार चांगलं काम करतो तो. उशी धुऊन वाळत टाकली. आईच्या खोलीतला हीटर आम्ही आता लावत नाही, तिथे कुणी नसतं. मी शाळेतून आलो की बायको म्हणते, कोट काढा, आणि मी काढतो आणि मग घरात मला कुठे जायचं असतं ते थोडा वेळ आठवत नाही. रविवारी आईचा फोन येतो. खोकला गेलाय. समोरचा पडदा अजून ओढलेलाच आहे, पण मागे कोण राहत असेल याचा तिने अंदाज बांधला आहे. भिंत कशी आहे, ती विचारते. मी म्हणतो, गार आहे. ती म्हणते, मग बस जरा तिथे.

वर्गात आता मागून "टोपी" असं कुणी म्हणत नाही. पोरांना वरून आवाज यायचा बंद झाला तसा खेळ संपला.

पुढच्या हिवाळ्यात फेरतपासणी झाली. पहाटे, तसंच दंव, तोच कॅमेरावाला, तीच सर्दी. या वेळी मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण पाटी टिकवायची म्हणून लोकांनी आपापले हीटर आदल्या दिवसापासूनच बंद ठेवले होते. जिन्यातून खाली येताना मला प्रत्येक दारामागून दात वाजल्याचा आवाज येत होता. कॅमेरावाल्याने पडद्यात बघितलं. इमारत निळी होती, सगळीच्या सगळी.

"तिसऱ्या मजल्यावर तो एक ठिपका होता मागच्या वेळी," तो म्हणाला. "तो गेला."

"हो."

"आता कुठूनच काही जात नाही." त्याने तिकाटणं उचलायला म्हणून कॅमेरा वळवला. मी समोर आलो. तो थबकला आणि पडद्याकडे बघत राहिला. प्रोग्रॅमने मला कसली तरी छोटी इमारत समजून तपासलं होतं.

"सर, तुमचं डोकं बघा, लालभडक. सगळी उष्णता तिथूनच चाललीय." त्याने नाक पुसलं. "टोपी घाला की."

टोपी खिशातच होती. मी म्हणालो, घालतो. पण घातली नाही. तसाच थोडा वेळ वर बघत उभा राहिलो. सुताराने ती खिडकी खरंच फार चांगली बसवली आहे, तिच्यातून काही म्हणजे काही बाहेर येत नाही.